नारिंगी रेषेची सत्तावीस वर्षे

१८ ऑगस्ट १८६८, मंगळवार. शके १७९० ची श्रावण अमावस्या. त्या सकाळी चंद्राची सावली अरबी समुद्रावरून कोकणात चढली आणि सह्याद्री ओलांडून, कोल्हापूर, जमखंडी, विजापूर असा दख्खनचा पट्टा अंधारात बुडवत गुंटूर-मच्छलीपट्टणकडे निघून गेली. खग्रास अवस्था सर्वात जास्त टिकणार होती ती दूर सयामच्या आखातात, पावणेसात मिनिटांच्या थोडी वर. आपल्या भागातही ती पाच मिनिटांच्या आसपास होती. एरवी दोन-तीन मिनिटांत आटोपणाऱ्या खग्रास ग्रहणांच्या मानाने हा अवधी फार मोठा.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा छत्रपती राजाराम महाराज होते. ग्रहण म्हटले की वेध पाळायचे, पाण्यावर तुळशीपत्र ठेवायचे, ग्रहण सुटले की नदीवर स्नान करायचे आणि ‘दे दान, सुटे गिराण’ या आरोळीला मूठपसा धान्य घालायचे, हे घराघरांत ठरलेले होते. मात्र याच पट्ट्यात काही माणसे दुर्बिणी रोखून बसली होती. त्यांच्याजवळ एक नेमका प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मिळवण्याची तयारी त्यांनी वर्षभर आधीपासून चालवली होती.

त्या सकाळी सूर्याच्या कडेला एक पिवळसर नारिंगी रेषा दिसली. पुढे तिच्यातूनच हेलियम हे मूलद्रव्य हाती आले. रेषा दिसायला पाच मिनिटे पुरली, पण ती कशाची हे पक्के व्हायला २७ वर्षे लागली. विज्ञानाची रीत म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला समजून घ्यायचे असेल तर त्या पाच मिनिटांपेक्षा ही २७ वर्षे जास्त शिकवतात.

ग्रहण कोठे, केव्हा आणि किती वेळ दिसणार हे आधी अचूक सांगता आले म्हणून तर ही तयारी शक्य झाली. भाकीत करायचे आणि ते डोळ्यांनी पडताळायचे, ही गोष्ट मराठी मुलखाला नवी नव्हती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिला. जुन्या ग्रंथांवरून केलेले गणित आणि आकाशात दिसणारे ग्रह यांचा मेळ बसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आपले ज्योतिर्गणिती त्याला दृक्प्रत्यय म्हणतात. पण तीनशे वर्षांत ग्रहलाघवाच्या गणितातही फरक साठत गेला आणि पंचांगे मात्र त्याच्यावरच चालत राहिली. पुण्याचे गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध केला आणि आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने नवे पंचांगही सुरू केले. त्यावर वाद पेटले. तरी छत्र्यांची कसोटी गणेश दैवज्ञांचीच होती: आकाशाशी जे जुळेल ते खरे.

ग्रहणाची वेळ सांगणे हा तोवर सुटलेला प्रश्न होता. ग्रहणात दिसणाऱ्या ज्वालांचा प्रश्न अजून सुटायचा होता.

खग्रास अवस्थेत चंद्राच्या काळ्या कडेबाहेर तांबूस ज्वाला डोकावतात. त्या चंद्राच्या की सूर्याच्या, की नुसता दृष्टिभ्रम, यावर बराच काळ वाद चालला. १८६० च्या ग्रहणात स्पेनमध्ये वेगवेगळ्या ठिकाणांहून छायाचित्रे घेतली गेली. चंद्र पुढे सरकला तशा एका बाजूच्या ज्वाला झाकल्या गेल्या, दुसऱ्या बाजूच्या उघड्या पडल्या. म्हणजे त्या सूर्याच्याच, एवढे निकालात निघाले. मग त्या कशाच्या बनल्या आहेत? सूर्यापर्यंत जाऊन नमुना आणणे तर शक्य नाही.

यावर तोड निघाली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत. बुन्सेन आणि किर्खोफ यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले की तापून प्रकाशणाऱ्या प्रत्येक मूलद्रव्याच्या वायूची स्वतःची ठरावीक रंगांची रेषावली असते. साध्या मिठाची चिमूट ज्योतीत टाकली की ज्योत लख्ख पिवळी होते. तो पिवळा प्रकाश लोलकातून पाहिला तर जवळजवळ चिकटलेल्या दोन रेषा दिसतात. त्या सोडियमच्या. सूर्याच्या वर्णपटातही नेमक्या त्याच जागी दोन काळ्या रेषा आहेत. फ्राउनहोफर यांनी त्यांना आधीच ‘डी’ हे अक्षर दिले होते. त्यांच्या ‘सी’ आणि ‘एफ’ या रेषा पुढे हायड्रोजनच्या निघाल्या. प्रकाश वाचता आला तर नमुना हातात नसतानाही पदार्थ ओळखता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

१८६८ ची तयारी या पायावर झाली. तर्क साधा होता. ज्वाला तापलेल्या घन किंवा द्रव कणांच्या असतील तर वर्णपटदर्शकात सलग रंगांचा पट्टा दिसेल. त्या विरळ वायूच्या असतील तर अंधारात सुट्या तेजस्वी रेषा दिसतील. उत्तर काय येईल हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण कोणत्या उत्तराचा काय अर्थ लावायचा हे ग्रहणाच्या आधी ठरले होते. मला या साऱ्या प्रकरणातली ही सर्वात मोलाची गोष्ट वाटते. निकाल पाहून मग अर्थ जुळवायला बसले तर कोणतेही मत खरे ठरवता येते.

लंडनच्या रॉयल सोसायटीने आपली साधने लेफ्टनंट जॉन हर्शेल यांच्या हवाली केली. हे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू, भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले अधिकारी. त्यांनी मुक्काम टाकला जमखंडीला. कोल्हापूरपासून पूर्वेला सरळ रेषेत शेसव्वाशे किलोमीटरवरचे हे पटवर्धनांचे संस्थान, आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. हातात धरायचे छोटे वर्णपटदर्शकही सोसायटीने पाठवले होते. त्यांतले एक घेऊन कॅप्टन हेग विजापुरात थांबले. गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले पिएर जान्सेन, मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन, सयामच्या बाजूला फ्रेंच ज्योतिर्विद राये. एकाच सावलीच्या वाटेवर इतकी माणसे वेगवेगळ्या ठिकाणी बसवण्यामागे दोन कारणे होती. ऑगस्टमधले आभाळ हे एक. दुसरे असे की एकाने पाहिलेले दुसऱ्याच्या पाहण्याशी ताडून बघता आले पाहिजे.

जमखंडीत ढगांनी घात करायचा तेवढा केला. खग्रास अवस्था सुरू झाली तेव्हा सूर्यावरून ढग सरकत होते. हर्शेल दुर्बिणीला डोळा लावून फटीची वाट पाहत राहिले. ढग जरा विरळ झाले तशी सूर्याच्या कडेवर बोटासारखी उभी ज्वाला दिसली. त्यांनी वर्णपटदर्शकाची फट तिच्यावर आणली आणि प्रश्नाचे उत्तर समोर उमटले: तीन तेजस्वी रेषा. एक लाल, एक नारिंगी, एक निळी. सलग पट्टा कोठेच नाही. ज्वाला वायूच्या होत्या.

आता मोजमाप. त्यांनी सूक्ष्ममापीचा काटा फिरवून नारिंगी रेषेची जागा टिपली. निळीकडे वळले तोवर ढग पुन्हा आले, तरी तिचे माप कसेबसे मिळाले. लाल रेषेला वेळच उरला नाही. सूर्याची कड बाहेर आली आणि सगळे संपले. हर्शेल यांनी अहवालात जे मोजले ते मोजले म्हणून लिहिले आणि लाल रेषेबद्दल केवळ अंदाज दिला. निळी रेषा हायड्रोजनच्या ‘एफ’शी जुळत होती. नारिंगी रेषा त्यांनी ‘डी’, म्हणजे सोडियमची ठरवली.

ती चूक होती. पण ती कशी झाली, हे नीट पाहायला हवे. वर्णपटाच्या त्या भागात माहितीची अशी एकच ठळक खूण होती, सोडियमची. नवी रेषा तिच्या इतकी जवळ होती की घाईत, हलत्या ढगांखाली घेतलेल्या मापात फरक उमटणेच कठीण. आजच्या मापाने सोडियमच्या दोन रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर पडतात, तर ही रेषा ५८७.६ वर. अशा वेळी मन ओळखीच्या नावाकडे धावते.

बाकीच्यांचे पाहणेही एकसारखे नव्हते. विजापुरात हेग यांना लहानशा उपकरणातून दोनच पट्टे दिसले, एक गुलाबी लाल आणि एक फिकट सोनेरी. राये यांनी नऊ रेषा मोजल्या. आकडे निराळे असले तरी मुख्य मुद्द्यावर सगळे एक होते: रेषा सुट्या आहेत, म्हणून ज्वाला वायूच्या आहेत. आणि पिवळ्या-नारिंगी भागात काहीतरी आहे. मच्छलीपट्टणच्या पॉगसन यांनी ती रेषा ‘डी’वर किंवा तिच्या जवळ असल्याचे नोंदवले. त्या ‘किंवा’त शंकेला जागा होती, पण त्यांचा अहवाल फारसा कोणाच्या हाती पडला नाही.

गुंटूरला जान्सेन यांनी वेगळीच गोष्ट हेरली. रेषा इतक्या प्रखर होत्या की त्या पाहायला ग्रहण कशाला हवे, असा विचार त्यांच्या मनात ग्रहण सुरू असतानाच आला. सूर्यप्रकाश वर्णपटात पसरला की फिका पडतो. ज्वालेचा प्रकाश मात्र दोन-चार रेषांतच गोळा झालेला असतो, म्हणून त्या फिक्या पार्श्वभूमीवर उठून दिसायला हव्यात. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला सकाळी, त्यांनी फट सूर्याच्या कडेलगत आणली आणि लख्ख उन्हात ज्वालांच्या रेषा पाहिल्या. पुढे कित्येक दिवस ते रोज पाहत राहिले.

इकडे लंडनमध्ये, युद्ध खात्यात कारकून असलेले आणि हौसेने सूर्य पाहणारे नॉर्मन लॉकयर यांना हीच कल्पना दोन वर्षे आधी सुचली होती. पण पुरेशा ताकदीचे उपकरण तयार होऊन हाती यायला १८६८ चा ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहणाशिवाय ज्वालांच्या रेषा पाहिल्या. जान्सेन यांचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉकयर यांचा निरोप पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला, वाचले गेले. भांडण होऊ शकले असते, झाले नाही. चार वर्षांनी फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेले पदक काढले. एकमेकांना न विचारता दोन ठिकाणी दोघांना तेच दिसले, त्यामुळे शंकेलाही फारशी जागा राहिली नाही.

आता पाच मिनिटांची घाई नव्हती. लॉकयर यांनी पिवळी रेषा सावकाश, पुन्हा पुन्हा मोजली. ती ‘डी’वर पडत नव्हती, थोडी निळ्या बाजूला सरकलेली होती. आणखी एक विसंगती होती. हायड्रोजनच्या ‘सी’ आणि ‘एफ’ रेषांच्या जागी रोजच्या सूर्यप्रकाशात काळ्या रेषा असतात. या रेषेच्या जागी एरवी काहीच नसते. सोडियमच्या दोन रेषांना ‘डी-१’ आणि ‘डी-२’ म्हणत, म्हणून हिला ‘डी-३’ हे नाव पडले.

इथे लगेच ‘नवे मूलद्रव्य सापडले’ अशी दवंडी पिटली गेली नाही. लॉकयर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी आधी साधा खुलासा तपासला: वेगळ्या तापमानाला, वेगळ्या दाबाखाली हायड्रोजनच ही रेषा देत असेल तर? प्रयोगशाळेत दाब बदलून, उष्णता बदलून पाहिले. पिवळी रेषा काही उमटली नाही. लॉकयर यांचा ओढा नव्या द्रव्याकडे होता, फ्रँकलंड सावध होते. हेलियम हे नाव जाहीरपणे आले १८७१ मध्ये, एडिंबरोतल्या विज्ञान परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात, विल्यम थॉमसन यांच्या तोंडून. ग्रीकमध्ये ‘हेलिऑस’ म्हणजे सूर्य. धातूंच्या नावांसारखा शेवट त्याला लावला, कारण तो धातू असावा असा समज होता. तोही पुढे खोटा ठरला.

नाव मिळाल्याने अस्तित्व सिद्ध होत नाही. मेंडेलेयेव्ह यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने एका रेषेच्या भरवशावर नवे मूलद्रव्य मान्य केले नाही, आणि त्यांचे म्हणणे अवास्तव नव्हते. ग्रहणांत दिसलेल्या दुसऱ्या एका अनोळखी हिरव्या रेषेवरून ‘कोरोनियम’ नावाचे द्रव्य मानले गेले होते; ती रेषा लोखंडाची, अतितप्त अवस्थेतली, निघाली. हे कळायला १९४० च्या आसपासचा काळ यावा लागला. तर्क तोच, पुरावाही तेवढाच, आणि एक नाव टिकले, दुसरे बाद झाले. फरक पडला तो पुढच्या पुराव्यामुळे.

तो पुरावा १८९५ मध्ये मिळाला, आणि शोधणारा वेगळ्याच वाटेवर होता. लंडनचे विल्यम रॅम्झी यांनी नुकताच आर्गॉन शोधला होता आणि तो एखाद्या खनिजात मिळतो का हे ते धुंडाळत होते. अमेरिकेतल्या हिलब्रँड यांनी युरेनियमच्या खनिजांतून आम्ल घालून एक निष्क्रिय वायू काढला होता आणि तो नायट्रोजन असल्याचे म्हटले होते. रॅम्झी यांनी क्लिव्हाइट नावाचे खनिज आम्लात उकळले, निघालेला वायू शुद्ध केला, काचेच्या नळीत भरून विजेच्या ठिणगीने प्रकाशित केला आणि वर्णपट पाहिला. तिथे एक लख्ख पिवळी रेषा होती. शेजारी सोडियमच्या रेषा ठेवून पाहिल्या. जुळेनात.

रॅम्झी यांनी वायूचे नमुने रसायनशास्त्रज्ञ क्रूक्स आणि लॉकयर यांच्याकडे धाडले. क्रूक्स यांनी मोजून कळवले: ही ‘डी-३’ आहे. त्याच वर्षी स्वीडनमध्ये क्लेव्ह आणि लांग्ले यांनी स्वतंत्रपणे तोच वायू काढून त्याचा अणुभारही काढला. सूर्यावर शोधलेले द्रव्य पृथ्वीवर, नळीत, वजन करता येईल अशा रूपात सापडले. हिलब्रँड यांनी आपल्याला काही अनोळखी रेषा दिसल्या होत्या आणि आपण त्यांचा पाठपुरावा केला नाही, हे रॅम्झी यांना मोकळ्या मनाने कळवले.

विजयदुर्ग या कथेत येतो तो यानंतर. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर मोहीम घेऊन या किल्ल्यावर उतरले. ‘मेलपोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी दिवसेंदिवस तालीम करून त्यांच्या हाताखाली तयार झाले: कोणी सेकंद मोजायचे, कोणी छायाचित्रांच्या काचा बदलायच्या, कोणी नुसते पाहून चित्र काढायचे. आभाळ स्वच्छ राहिले. किल्ल्यावरच्या ज्या चौथऱ्यांना लोक ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात, ते या मोहिमेची आठवण म्हणून दाखवले जातात.

अनेक लेखांत आणि भाषणांत मात्र असे येते की लॉकयर यांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्गावरून हेलियम शोधला. गडावर त्या तारखेला हेलियम दिनही साजरा होतो. या दाव्याला वरचीच कसोटी लावली तर तो टिकत नाही. त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. आपली पहिली रेषा त्यांनी दोन महिन्यांनी लंडनमध्ये पाहिली. ते ग्रहणासाठी भारतात प्रथम आले १८७१ मध्ये, तेही केरळच्या बेकल किल्ल्यावर. विजयदुर्ग १८६८ च्या सावलीतही होता आणि १८९८ च्याही, त्यामुळे दोन ग्रहणे लोकांच्या आठवणीत एक झाली असावीत. तारखा जागेवर लावल्याने विजयदुर्गाचे काही कमी होत नाही. १८९८ ची मोहीम पूर्णपणे त्याची आहे. १८६८ चा मान मात्र जमखंडी, विजापूर आणि गुंटूर यांना द्यायला हवा, आणि जमखंडीचे नाव आपल्याकडे जवळजवळ कोणी घेत नाही, याची खंत वाटते.

या सगळ्याचा परिणाम सूर्याच्या अभ्यासावर खोल झाला. जान्सेन-लॉकयर पद्धतीमुळे ज्वाला पाहायला ग्रहणाची वाट बघण्याची गरज संपली. सूर्य रोज मोजता येऊ लागला, आणि त्यासाठी कायमच्या वेधशाळा हव्याशा झाल्या. १८९९ मध्ये कोडाईकनालला सौर वेधशाळा उभी राहिली. त्याआधी पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. १८९८ च्या ग्रहणाला तेही आपली तुकडी घेऊन निघाले, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. शेजारीच अमेरिकेच्या लिक वेधशाळेची छावणी होती. तीस वर्षांपूर्वी जमखंडीत साधने आणि प्रश्न दोन्ही लंडनहून आले होते. जेऊरला नायगमवाला यांनी सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे स्वतःच्या योजनेने घेतली आणि १९०२ मध्ये त्यांचा अहवाल छापला. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली. तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण कोडाईकनालला गेली आणि तिथे ती भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाते.